उष्ण देशांतील पेंग्विन

(आकाशवाणीवरून दिलेलें भाषण)



पेंग्विन हें नांव उच्चारतांच आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें. क्षितिजापर्यंत पसरलेला पांढराशुभ्र बर्फ, अंगास झोंबणारा वारा, आणि त्या वाऱ्याची पर्वा न करतां काळे डगले घातलेल्या वकिलांप्रमाणें गंभीरपणें उभे असलेले पक्षी. मीही भूगोलाचा शिक्षक या नात्यानें तीस-बत्तीस वर्षें हेंच चित्र मुलांपुढें काढीत आलों. फळ्यावर पेंग्विन काढणें फार सोपें. खडूनें पोट पांढरें करावें, पाठीचें काम फळ्याच्या काळ्या रंगावर सोपवावें, भोंवतीं बर्फाच्या चार रेघा ओढाव्या, कीं झाला पेंग्विन! आज मला आपणांपुढें अशी कबुली द्यावयाची आहे कीं, तें चित्र खोटें नसलें तरी फार अपुरें होतें. आणि त्या अपुरेपणामुळें एका विद्यार्थिनीवर माझ्या हातून लहानसा अन्याय झाला.

गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वींची आहे. सहामाही परीक्षेंत 'पेंग्विन कोठें आढळतो?' असा एका गुणाचा प्रश्न मीं घातला होता. 'दक्षिण ध्रुवाजवळील बर्फाळ प्रदेशांत' हें अपेक्षित उत्तर. जवळच्या खेड्यांतून पायीं शाळेस येणाऱ्या एका मुलीनें मात्र लिहिलें होतें, 'वाळवंटाच्या कांठीं.' मीं लाल शाईची फुली मारली. उत्तरपत्रिका वाटतांना तिला विचारलें, "हें कोठून काढलेंस?" ती खालीं मान घालून म्हणाली, "गुरुजी, वाण्याच्या पुडीच्या कागदावर वाचलं होतं." "मग तें ज्ञान पुडींतच बांधून ठेव," असें मी म्हणालों आणि सारा वर्ग हंसला. ती हंसली नाहीं. आज वाटतें, त्या दिवशीं वर्गांत हंसण्यासारखें कांहीं असेलच तर तें मास्तरांच्या खुर्चीवर बसलें होतें.

हें सारें पुन्हां आठवण्यास माझा नातू निमित्त झाला. सुटींत त्याला घेऊन तपोवन एक्सप्रेसनें मी मुंबईस गेलों होतों. भायखळ्याचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ज्यास मुंबईकर अजूनही राणीचा बाग म्हणतात, तेथें पेंग्विन पाहण्यास ही गर्दी! बाहेर घामाच्या धारा, आणि काचेपलीकडे १६ ते १८ अंश सेल्सियस एवढा गारवा. कांहीं पेंग्विन खडकावर स्वस्थ उभे होते, कांहीं पाण्यांत बाणासारखे सुटत होते. नातवानें काचेस नाक लावून सगळीकडे नजर फिरविली आणि विचारलें, "आजोबा, यांचा बर्फ कुठें आहे?" मीं पाहिलें. खडक होते, पाणी होतें, पण बर्फ नव्हता. पक्ष्याचें नांव हंबोल्ट पेंग्विन. त्याचा मायदेश दक्षिण अमेरिकेंतील पेरू व चिली या देशांचा पश्चिम किनारा. म्हणजे जगांतील अत्यंत कोरड्या वाळवंटांपैकीं एकाचा कांठ! पुडीच्या कागदाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

प्रथम या राणीच्या बागेंतील पाहुण्यांची हकीकत सांगतों. दक्षिण कोरियांतील सोल शहराहून जुलै २०१६ मध्यें आठ हंबोल्ट पेंग्विन मुंबईस आणले गेले. त्यांपैकीं एक मादी त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जंतुसंसर्गानें मरण पावली. मार्च २०१७ मध्यें उरलेल्या सात पक्ष्यांचें दालन लोकांसाठीं खुलें झालें. त्यांच्यावर होणाऱ्या खर्चाविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ वादही झाले. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं तेथें एक पिलूं जन्मास आलें. भारतांत जन्मलेलें पहिलें पेंग्विन म्हणून त्याचें मोठें कौतुक झालें, परंतु आठवडाभरांतच तें दगावलें. पुढें २०२१ सालीं झालेलीं दोन पिल्लें मात्र जगलीं, आणि त्यानंतर तो परिवार वाढतच गेला. आतां प्रश्न असा कीं, ज्या पक्ष्याचें घर वाळवंटाच्या कांठीं, तो मुंबईच्या उन्हांत कां राहूं शकत नाहीं? आणि जो गारव्याशिवाय राहूं शकत नाहीं, तो वाळवंटाच्या कांठीं कसा राहतो? वरवर पाहतां हीं दोन विधानें एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. तीं दोन्ही खरीं आहेत, आणि त्यांचा मेळ घालणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

जगांत पेंग्विनाच्या सुमारें १८ जाती आहेत. त्यांपैकीं अंटार्क्टिका खंडाच्या भूमीवर पिल्लें वाढविणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. बाकीच्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेचें दक्षिण टोंक, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण महासागरांतील लहान-मोठीं बेटें येथें राहतात. गॅलापागोस बेटांवरचा पेंग्विन तर ऐन विषुववृत्तावर राहतो. त्याची उंची अवघी ५० सेंटिमीटर, आणि वजन दोन-अडीच किलो. हंबोल्ट पेंग्विन त्याचाच जवळचा भाऊबंद. उंची ६५ ते ७० सेंटिमीटर, वजन चार-पांच किलो. आपलें नांदेड आणि मुंबई हीं दोन्ही शहरें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहेत. पेरू देशांत हंबोल्ट पेंग्विनाची वस्ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या ५ अंशांवर सुरू होते. म्हणजे नकाशाच्या हिशेबानें पाहिलें तर हा पक्षी आपल्यापेक्षांही अधिक उष्ण पट्ट्यांतला रहिवासी ठरतो!

याचें रहस्य जमिनीवर नाहीं, समुद्रांत आहे. पेंग्विन अंडीं घालण्यास, पिसें टाकण्यास आणि विसांवा घेण्यास जमिनीवर येतो. परंतु त्याचें पोट समुद्रावर चालतें. तेव्हां पेंग्विन कोठें राहील हें जमिनीच्या उष्णतेवरून ठरत नाहीं, तर शेजारच्या समुद्राच्या पाण्यावरून ठरतें. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे एक थंड प्रवाह वाहतो. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८०२ सालीं तेथील पाण्यांत तापमापक बुडवून पाहिला, आणि इतक्या उष्ण कटिबंधांत पाणी एवढें थंड कसें याचें त्यास मोठें आश्चर्य वाटलें. त्याच्याच नांवावरून पुढें त्या प्रवाहास आणि या पक्ष्यास हंबोल्ट हें नांव मिळालें. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्तापासून १२ अंशांवर असूनही तिच्याजवळच्या समुद्राचें पाणी बहुधा १५ ते २० अंश सेल्सियसच्या दरम्यान असतें. आपल्या मुंबईचा समुद्र उन्हाळ्यांत तिशीच्या घरांत जातो हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा भेद किती मोठा आहे हें कळेल.

हें पाणी थंड कां? केवळ दक्षिणेकडून येतें म्हणून नव्हे. आपण कढत दूध बशींत ओतून त्यावर फुंकर घालतों, तेव्हां साय पलीकडच्या कडेला सरकते आणि आपल्या बाजूस खालचें दूध उघडें पडतें. पेरूच्या किनाऱ्यावर हेंच काम वारा करतो. किनाऱ्यालगत दक्षिणेकडून सतत वाहणारे वारे आणि पृथ्वीचें स्वतःभोंवतीं फिरणें या दोहोंच्या योगानें वरचें कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर समुद्रांत लोटलें जातें, आणि त्याची जागा घेण्यास तळचें थंड पाणी वर येतें. तळच्या त्या पाण्यांत नत्र, स्फुरद इत्यादि द्रव्यांचा मोठा सांठा असतो. शेतांत खत पडावें तसें तें समुद्राच्या पृष्ठभागावर पडतें. सूर्यप्रकाश मिळतांच त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पतींचें अमाप पीक येतें, तें पीक सूक्ष्म जीव खातात, आणि त्या दोहोंवर अँचोव्ही नांवाच्या बोटभर लांबीच्या माशांचे थवेच्या थवे पोसले जातात. आपल्या कोंकण किनाऱ्यावरची मांदेली ज्या कुळांतली, त्याच कुळांतला हा मासा. पेंग्विनाचें मुख्य अन्न तोच.

आतां गंमत अशी कीं, जो थंड समुद्र पाण्यांत इतकी समृद्धि निर्माण करतो, तोच जमिनीवर वाळवंट निर्माण करतो. पाऊस पडण्यास उष्ण, बाष्पानें भरलेली हवा वर चढावी लागते. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड. ती वर चढत नाहीं. तिचें फार तर धुकें होतें, पाऊस होत नाहीं. म्हणून त्या किनाऱ्यावर एका बाजूस माशांनीं भरलेला समुद्र, आणि चार पावलांवर गवताची काडी न उगवणारें वाळवंट. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत आपला पेंग्विन आपला संसार थाटतो.

हा संसार मात्र सुखाचा नाहीं. थंड पाण्यांत तासन् तास पोहावयाचें म्हणजे अंगांतली ऊब टिकविली पाहिजे; त्यासाठीं निसर्गानें त्यास कौलांप्रमाणें एकमेकांवर बसलेल्या आंखूड व दाट पिसांचा कोट दिला आहे. पण तोच कोट घालून वाळवंटाच्या उन्हांत उभें राहावयाचें म्हणजे वैशाखांत घोंगडी पांघरण्यासारखें आहे. यावर निसर्गानें तोडही काढली आहे. या पेंग्विनाच्या चोंचीच्या मुळाशीं आणि डोळ्यांपाशीं पिसें नसलेली गुलाबी कातडी असते. ऊन वाढलें कीं तिच्यांत रक्त अधिक येतें आणि शरीरांतील उष्णता तेथून बाहेर पडते. तो आपले वल्ह्यासारखे पंख अंगापासून दूर धरून वाऱ्यास तोंड देतो, चोंच उघडून धापा टाकतो. आपल्या अंगणांतल्या कोंबड्या मे महिन्यांत काय वेगळें करतात?

लहान बांध्याचाही येथें उपयोग होतो. मोठ्या पातेल्यांतला भात पुष्कळ वेळ ऊन राहतो, वाटींतला लवकर निवतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. वस्तु जितकी मोठी तितकी तिच्या वजनाच्या मानानें तिची बाहेरची बाजू कमी, म्हणून उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागतो. बर्फांत राहणारा एम्परर पेंग्विन मीटरभराहून उंच आणि तीस-चाळीस किलो वजनाचा असतो. तो म्हणजे पातेलें. आपला हंबोल्ट म्हणजे वाटी. ऊब धरून ठेवणें ही एकाची गरज, ती सोडून देणें ही दुसऱ्याची; आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें ज्याचा त्याचा देह घडला.

तरीही भर दुपारच्या उन्हापासून अंडीं-पिल्लें वांचविण्यास घर लागतेंच. हा पक्षी बिळांत, कपारींत, गुहेंत घरटें करतो. मादी बहुधा दोन अंडीं घालते. नर व मादी आळीपाळीनें सुमारें ४० दिवस तीं उबवितात. एक घरीं, एक समुद्रावर. हें बीळ कशांत खोदावयाचें? वाळू ढासळते, खडक फुटत नाहीं. तेथें लाखों समुद्रपक्षी शतकानुशतकें बसत आले. पाऊस नसल्यामुळें त्यांची विष्ठा वाहून न जातां थरांवर थर सांचत गेली. ग्वानो नांवाचें हें खत कांहीं बेटांवर कित्येक मीटर जाडीचें झालें होतें. त्यांत पेंग्विन सुखानें बिळें खोदीत. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेंतील शेतकऱ्यांना या खताचा शोध लागला, आणि १८४० नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत जहाजेंच्या जहाजें भरून तें खत नेण्यांत आलें. त्या बेटांसाठीं १८६४ सालीं स्पेननें पेरूवर आरमार धाडलें, एवढी त्याची किंमत! बेटें खडकापर्यंत खरवडलीं गेलीं, आणि पेंग्विन बेघर झाले. उकिरड्याची जागा मोकळी केली म्हणून कोणी बेघर होतो हें प्रथम ऐकतांना चमत्कारिक वाटतें. परंतु ज्याला आपण घाण म्हणतों तें कोणाचें तरी छप्पर असतें. पेरू सरकारनें पुढें ग्वानो काढण्यावर निर्बंध घातले आणि २००९ सालीं हीं बेटें व भूशिरें यांचें राखीव क्षेत्र केलें.

एवढें सांगितल्यावर नातवाच्या प्रश्नाचें उत्तर सहज देतां येतें. राणीच्या बागेंत बर्फ नाहीं, कारण या पक्ष्याच्या मायदेशीं तो नाहींच. तेथें गारवा आहे, कारण पेरूच्या समुद्राचा गारवा मुंबईंत यंत्रानेंच आणावा लागतो. मुंबईचें ऊन त्याला कदाचित् सोसेलही; परंतु ऊन आणि दमटपणा मिळून, शिवाय अंग निवविण्यास थंड समुद्र नाहीं, अशी तिहेरी आपत्ति त्याला सोसणार नाहीं. आणखी एक कारण आहे. कोरड्या, खाऱ्या वाऱ्यांत वाढलेल्या या पक्ष्यांच्या अंगीं दमट हवेंतील बुरशीस आणि डांसांमुळें होणाऱ्या पक्ष्यांच्या हिंवतापास तोंड देण्याची शक्ति थोडी असते. म्हणून प्राणिसंग्रहालयांत त्यांची हवा थंडच नव्हे, तर स्वच्छही ठेवावी लागते. एक बारीकशी गोष्ट सांगावयाची राहिली. हा पक्षी दिसण्यांत जरी सभ्य गृहस्थ असला तरी त्याचा आवाज थेट गाढवाच्या ओरडण्यासारखा आहे. वर्गांत कोणी तसा आवाज काढला असता तर मीं त्यास बाकावर उभें केलें असतें. पेंग्विनाची मादी मात्र त्याच आवाजावरून आपला नर ओळखते.

येथवर आपण पेरूचा समुद्र नीट चालला आहे असें धरून बोललों. पण तो नेहमीं नीट चालत नाहीं. आणि तो बिघडतो तेव्हां काय होतें हें आपणां मराठवाड्यांतील लोकांना जिवाशीं लागणारें आहे.

दर कांहीं वर्षांनीं प्रशांत महासागरावरील नेहमींचे वारे मंदावतात. पश्चिमेकडे लोटलेलें ऊन पाणी पूर्वेकडे परततें आणि पेरूच्या किनाऱ्यावर जाड दुलईसारखें पसरतें. मघांच्या दृष्टान्तांतली फुंकर थांबली, साय पुन्हां पसरली. आतां तळचें थंड, कसदार पाणी वर येत नाहीं. समुद्रांतलें पीक बुडतें. अँचोव्ही खोल जातो किंवा दूर निघून जातो. नाताळच्या सुमारास हें ऊन पाणी येतें म्हणून पेरूच्या कोळ्यांनीं त्यास बाळ येशूचें नांव दिलें, एल निनो. नांव बाळाचें, करणी काळाची. १९८२-८३ च्या एल निनोंत पेरूंतील निम्म्याहून अधिक हंबोल्ट पेंग्विन नाहींसे झाले; गॅलापागोसचे तर तीन-चतुर्थांशांहून अधिक गेले. घरट्यावर बसलेला नर वाट पाहत राहतो, समुद्रावर गेलेली मादी रिकाम्या पोटीं दूरदूर भटकते, आणि शेवटीं भूक असह्य होऊन तो अंडीं टाकून उठतो. कोणी मारलें नाहीं, कोणी जाळें टाकलें नाहीं; समुद्र दोन-चार अंशांनीं ऊन झाला, एवढेंच.

या घटनेचा आपल्या पावसाशीं संबंध आहे हें उमगण्यास प्रारंभ भारतांतच झाला. १८९९ सालीं पाऊस गेला आणि देशांत भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर १९०४ ते १९२४ या काळांत भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गणिती सर गिल्बर्ट वॉकर यांनीं पावसाचें भाकीत करण्यासाठीं जगभरच्या वेधशाळांचे आंकडे तपासले. त्यांस असें आढळलें कीं, एकीकडे हिंदी महासागर आणि दुसरीकडे प्रशांत महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें खालींवर होतो. एक वर तेव्हां दुसरें खालीं. या तराजूची आणि पेरूच्या ऊन पाण्याची सांगड पुढें १९६९ सालीं याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानें घातली. मध्य व पूर्व प्रशांत महासागर तापला कीं हवा तेथें वर चढूं लागते, आणि आपल्या बाजूस ती खालीं दबते. ढग जमण्यास अडथळा होतो. मात्र हा नियम लोखंडी नव्हे. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असूनही भारतांत पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचीही त्यांत आपली स्वतंत्र भूमिका असते. तरी आपल्या मोठ्या अवर्षणांपैकीं पुष्कळ एल निनोच्या वर्षींच पडलीं आहेत, हेंही तितकेंच खरें.

त्यांपैकीं एक मीं स्वतः पाहिलें. १९७२ सालीं मी बारा-तेरा वर्षांचा होतों. मृग कोरडा गेला, आर्द्राही गेल्या. जोंधळा वितभर वाढून करपला. गांवचे कर्ते पुरुष आणि बाया दुष्काळी कामावर खडी फोडीत. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आम्हीं खाल्ली. ती तव्यावर तुटे आणि घशांत अडके. त्याच १९७२-७३ मध्यें पेरूचा समुद्र तापला होता. १९७० सालीं जेथें सुमारें १२० लाख टन अँचोव्ही जाळ्यांत सांपडला होता, तेथें १९७३ सालीं २० लाख टनांच्या आसपासही मुष्किलीनें मिळाला. म्हणजे माझी आई रिकामें मडकें घेऊन विहिरीच्या तळाशीं उतरत होती, त्याच दिवसांत पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे एक पक्षीण रिकाम्या पोटीं समुद्रावर भटकत होती. आणि दोघींचें कारण एकच होतें. भूगोलाच्या तासाला हें मला कोणी सांगितलें नाहीं, आणि पुढें मीही कोणाला सांगितलें नाहीं.

दुसरें उदाहरण आपणां सर्वांच्या ताज्या स्मरणांतलें आहे. २०१५ सालचा एल निनो फार प्रबळ होता. मांजरा धरण कोरडें पडलें, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातुरास आली. माणसांसाठीं पाणी आगगाडीनें आणण्याची पाळी आलेली आपण पाहिली. त्यानंतर तीनच महिन्यांनीं राणीच्या बागेंत पेंग्विन आले. तेव्हां आपल्यापैकीं कित्येकांनीं म्हटलें, मीही म्हटलें, कीं आम्हांस प्यावयास पाणी नाहीं आणि या परक्या पांखरांचे हे लाड! पाण्याची ती तक्रार खोटी नव्हती. परंतु 'परकें' हा शब्द मात्र चुकला होता. त्या पांखरांच्या मायदेशचे आप्त आणि आपण एकाच समुद्राच्या लहरीवर जगतों.

येथें एक खबरदारी घेतली पाहिजे. सर्व दोष समुद्राच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. पेरूचा अँचोव्ही केवळ एल निनोनें संपला नाहीं. त्यापूर्वींच्या वर्षांत माणसानें तो बेसुमार उपसला होता, म्हणून समुद्र बिघडतांच तो सांवरूं शकला नाहीं. आपल्याकडेही अवर्षण आकाशांतून आलें, पण विहिरी व कूपनलिका आपण आधींच उपसून ठेवल्या होत्या, आणि कमी पावसाच्या मुलुखांत उसाला पाणी पाजीत होतों. आपत्ति निसर्ग आणतो, तिला धार मनुष्य लावतो. पेंग्विनाला सांठा करतां येत नाहीं, पाणी अडवितां येत नाहीं, पुढच्या वर्षाचा हिशेब मांडतां येत नाहीं. हें सर्व आपणांस येतें. येत असून केलें नाहीं तर पेंग्विनाहून आपण शहाणे कशावरून?

हा पक्षी आज संकटांत आहे. मोकळ्या समुद्रावर राहणाऱ्या प्रौढ हंबोल्ट पेंग्विनांची संख्या सुमारें २४,००० मानली जाते. माशांच्या जाळ्यांत गुरफटून कांहीं मरतात. २०२३ सालीं चिलीच्या किनाऱ्यावर पक्ष्यांच्या तापाच्या सांथींत हजाराहून अधिक दगावले. आणि पृथ्वी तापत चालल्यामुळें समुद्राच्या लहरी अधिक तीव्र होतील अशी शास्त्रज्ञांना भीति वाटते. जी भीति त्यांच्या घरट्यांविषयीं, तीच आपल्या शिवारांविषयीं. म्हणून यापुढें आपण मुलांना घेऊन राणीच्या बागेंत जाल, आणि तीं काचेस नाक लावून उभीं राहतील, तेव्हां 'पाहा कसा डुलत चालतो' एवढेंच सांगून थांबूं नका. हा पक्षी उपाशी राहिला कीं आपल्या गांवच्या विहिरीचा तळ दिसण्याचा संभव असतो, हेंही त्यांना सांगा. तीं विसरणार नाहींत.

शेवटीं माझ्या कर्जाची गोष्ट. पुडीच्या कागदावर वाचून 'वाळवंटाच्या कांठीं' असें लिहिणारी ती मुलगी आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. संसारांत असेल, कदाचित् स्वतःच कोठें शिकवीतही असेल. ती हें भाषण ऐकत असेल तर तिनें एवढें जाणावें कीं, तिचें उत्तर बरोबर होतें. तिचा एक गुण मास्तरांकडे येणें आहे, आणि आज सर्वांसमक्ष तो मी तिच्या नांवावर मांडीत आहें. ज्ञान पुस्तकांतून येवो कीं पुडींतून, त्यास फुली मारण्यापूर्वीं मास्तरानें नकाशा एकदां उघडून पाहावा, हा धडा मला फार उशिरां मिळाला. माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या शिक्षकबंधु-भगिनींना तो वेळेवर मिळावा एवढीच इच्छा प्रकट करून आपली रजा घेतों.